आज काय चुकलं?

उभ्या पांढुर्णा जिल्ह्यात चुकांवर माझ्या साडभाऊंइतकं प्रेम करणारा दुसरा माणूस सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो त्यांच्याच हाताखालून गेलेला निघेल. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. पुण्याकडे ज्यांना साडू म्हणतात ते. आम्ही पांढुर्ण्याला, ते सौंसरला, दोन्ही महाराष्ट्राच्या सीमेलगत मध्य प्रदेशात. मधला रस्ता मोटारसायकलनं तासाभराचा आहे, पण आमच्या दोघांच्या स्वभावातलं अंतर कापायला अजून कुठली गाडी निघालेली नाही. मी संत्र्याचा व्यापारी. आठवी झाल्यावर मंडीत पेट्या उचलायला लागलो आणि आज बांधावर उभा राहून अख्ख्या बगीच्यात किती माल निघेल ते सांगतो. माझ्या धंद्यात चूक म्हणजे चूक. अंदाज हुकला की हंगाम गेला, आणि गेलेला हंगाम कुणी परत आणून देत नाही. असा मी, आणि माझ्या नशिबी हे साडभाऊ, घरात येणाऱ्या प्रत्येकाला पाण्याच्या पेल्याआधी "आज काय चुकलं?" असं विचारणारे.

मी लिहायला बसलो तो त्यांचं कौतुक करायला नाही, हे आधीच सांगतो. माझी त्यांच्याविरुद्ध एक तक्रार आहे. ती तीन वर्षं जुनी आहे, आणि ती मी घरात, बाजारात, लग्नाच्या मांडवात बऱ्याच जणांना सांगून पाहिली, पण सगळे हसतात आणि साडभाऊंचीच बाजू घेतात. म्हणून आता लिहून काढतो. तक्रार समजायची तर आधी माणूस समजायला हवा.

साडभाऊंनी सारी नोकरी सौंसरच्या कॉलेजात, केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये केली. प्राध्यापक म्हणून नाही. परीक्षानळ्या धुवायच्या, ॲसिडच्या बाटल्या भरायच्या, प्रॅक्टिकलच्या दिवशी टेबलं मांडायची, हे त्यांचं काम. पण त्यांना विचाराल तर ते सांगतील की त्यांचं खरं काम पोरं बघण्याचं होतं. "पोट्टं पुढं काय करन हे मले फर्स्ट इयरलेच समजे," ते म्हणतात. मार्कांवरून नाही, काचेवरून. लॅबमध्ये प्रत्येकाच्या हातून कधी ना कधी काहीतरी फुटतंच. "एक जण तुकडे पायानं टेबलाखाली सारते. दुसरा शेजारच्याकडे पाहते. अन तिसरा इचारते, मामा, झाडू कुठं आहे? त्या तिसऱ्याची मी कधी फिकर केली नाही." त्या तिसऱ्या प्रकारातली मुलं आज कुठे कुठे पोचली त्याची यादी त्यांना तोंडपाठ आहे. मी एकदा खवचटपणे विचारलं की तुकडे सारणारे कुठे गेले. साडभाऊ बोटांवर मोजून प्रामाणिकपणे म्हणाले, "त्यातले दोन-तीन आमचे साहेब झाले."

त्यांचं दुसरं वेड सवयी मोडण्याचं. एकाच जागी फार दिवस नीट चाललं की माणूस बघायचं सोडून देतो, असं त्यांचं मत. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते घरातल्या वस्तूंच्या जागा बदलतात. पलंग खिडकीकडून दाराकडे, टीव्ही दाराकडून खिडकीकडे, मिठाचा डबा साखरेच्या जागी. माझी मेव्हणी लग्नानंतर काही वर्षं रडली, मग काही वर्षं भांडली, आणि आता डोळे मिटूनही घर चालवते, कारण त्या घरात डोळे उघडे ठेवून काही उपयोग नाही हे तिला कळून चुकलं आहे. एकदा मी भर उन्हातून त्यांच्याकडे गेलो. डोळ्यांपुढे अंधारी आलेली. व्हरांड्यातली माझी नेहमीची खाट नेहमीच्या कोपऱ्यात आहे असं धरून चाललो आणि टेकलो तो थेट ओल्या मुगवड्यांच्या कापडावर. पायजमा पिवळा, मेव्हणीची सकाळभराची मेहनत सपाट, आणि साडभाऊ जागचे न उठता कौतुकानं म्हणतात, "पाह्यलं साडभाऊ? तुम्ही खाट नाही पाह्यली. तुम्ही मागच्या महिन्यातली खाट पाह्यली." त्या वाक्यानं तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. अजूनही फिरतं, पण आता कारण निराळं आहे.

शिवाय दर वर्षी एक नवी विद्या. अट अशी की ती आपल्याला मुळीच येत नसावी आणि चांगली जमण्याची आशाही नसावी. एका वर्षी हार्मोनियम, ज्यामुळे शेजाऱ्यांनी खिडकीला जाड पडदे लावले. एका वर्षी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, कन्हान नदीत पोहणं. काठावर गावातली सगळी लहान पोरं टाळ्या वाजवत बसलेली आणि हे कमरेइतक्या पाण्यात हात मारताहेत. एका वर्षी टरबूज भरायला आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरकडून तेलुगू अक्षरं शिकले, आणि मग वर्षभर हायवेवर उभं राहून ट्रकांच्या पाठी वाचल्या. शिवणकाम शिकले तेव्हा पहिला शर्ट मला शिवून दिला. त्याची उजवी बाही मनगटापर्यंत आणि डावी कोपराच्या जरा खाली. मी म्हटलं, "हे काय आहे?" ते म्हणाले, "उजवी नंतर शिवली. पाहा ना, एका शर्टातच किती सुधारलो." तो शर्ट माझ्या कपाटात अजून आहे. घालता येत नाही आणि का कुणास ठाऊक, टाकताही येत नाही.

रिटायर झाल्यापासून दर रविवारी सकाळी त्यांच्या व्हरांड्यात वर्ग भरतो. बारावी होऊन भोपाळ, इंदूर, नागपूर, पुण्याकडे निघालेली आसपासची मुलंमुली तिथे येतात. फी नाही, पुस्तक नाही, फळाही नाही. आमच्या भागातल्या मुलांचं एक अवघड असतं. घरात मराठी, तीही आमच्या वऱ्हाडी वळणाची, शाळा हिंदीत, आणि कॉलेजात पाय टाकला की एकदम इंग्रजी. नागपूरला गेलं तर तिथली मुलं म्हणतात एमपीवाला आला, भोपाळला गेलं तर म्हणतात मराठी आला. साडभाऊंच्या मते हीच आपली कमाई. "आपले पोट्टे पाळण्यात असल्यापासून दोन घरी जेवून राहिले. तिसऱ्या घरी जाऊन बसाले काय जड आहे? फक्त बसता आलं पाहिजे, अन भूक लागली तर मागता आलं पाहिजे."

त्या वर्गाचा अभ्यासक्रम म्हणजे पाच-सहा जणांना सकाळच्या बसनं नागपूरला पाठवणं. तिथे एखाद्या मोठ्या कॉलेजचं वाचनालय शोधायचं, कुणा अनोळखी विद्यार्थ्याला तीन प्रश्न विचारायचे, दुपारी आजवर कधी न खाल्लेलं काहीतरी खायचं आणि परत येऊन सगळ्यांसमोर काय काय चुकलं ते सांगायचं. एकदा मोहगावचा एक हुशार मुलगा छाती काढून म्हणाला, "मामा, माहं काहीच नाही चुकलं." साडभाऊंचा चेहरा पडला. "काहीच नाही? मंग तू गेलाच नाही, बापू. पुढच्या रविवारी पुन्हा जा." तो बिचारा पुढच्या रविवारी गेला, मुद्दाम भलत्याच बसमध्ये बसला आणि कामठीला जाऊन उतरला. रडवेला होऊन परत आला तेव्हा साडभाऊंनी त्याला जवळ बसवलं आणि कामठीहून परत कसा आलास, आधी कुणाला विचारलंस, घाबरलास तेव्हा पहिल्यांदा काय केलंस, हे तासभर खोदून खोदून विचारलं. त्या मुलाची आई वर्षभर माझ्या मेव्हणीशी बोलली नाही. पुढे मुलगा हैदराबादला गेला, तिथे नीट राहिला, आणि आता तीच आई दर दिवाळीला फराळ पाठवते.

नोकरीच्या मुलाखतीचा सराव निराळा. त्या दिवशी साडभाऊ लग्नातला कोट घालतात. तो समोर मिटत नाही, म्हणून टेबलामागे बसतात. मुलाला फाटकापासून आत बोलावतात आणि आपल्या इंग्रजीत प्रश्न विचारतात. त्यांचं इंग्रजी ऐकून मुलांची भीती अर्धी तिथेच संपते. "इंग्रजी मोडाले भेता काऊन?" ते म्हणतात. "आपण मोडली तर तिले लागन. आपल्याले काय दुखते?" एकदा एक मुलगी त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिच्या तोंडून शब्दच फुटेना. साडभाऊही गप्प. मी कोपऱ्यात चहा पीत बसलो होतो, मलाच ते बघवेना. खूप वेळानं ती म्हणाली, "सर, मले घाम आला." साडभाऊ खुर्चीतून उठले, कोटाचं एक बटण उडालं, "बराबर! एकदम बराबर! आता हेच इंग्रजीत सांग." मी त्या दिवशी पोट धरून हसलो. घरी जाऊन बायकोला नक्कल करून दाखवली. माझी स्वतःची मुलगी, प्राची, तेव्हा दाराशी उभी राहून ऐकत होती आणि ती हसली नाही, हे मला आज आठवतं. तेव्हा दिसलं नव्हतं.

आता तक्रार.

प्राची आमची एकुलती एक. बारावीला शाळेत पहिली आली. आमच्या घरात इंजिनियर होण्याइतकं शिकलेलं कुणी नाही. आमच्या घरात खरं तर शिकलेलंच कुणी नाही. निकालाचा कागद तिनं माझ्या हातात दिला तेव्हा मी दुकानात होतो. मी तो वरपासून खालपर्यंत पाहिला आणि म्हणालो, "केमिस्ट्रीत डाग दिसून राहिला." डागी माल म्हणजे ज्याच्या सालीवर ठिपका आहे तो, आमचा रोजचा शब्द. ती म्हणाली, "हो बाबा." भोपाळच्या कॉलेजात नंबर लागला तेव्हा मी म्हणालो, "पाहू, टिकते का." हॉस्टेलवर सोडायला गेलो तेव्हा तिची खोली पाहून म्हणालो की खोली बरी आहे, राहणारी कशी निघते ते दिसेल. हे मी का लपवू? मी असाच बोलतो.

पहिल्या सत्राचा निकाल लागला आणि प्राचीला दोन विषयांत बॅक लागली. म्हणजे नापास. हे मला तिनं सांगितलं नाही. आम्ही मृग बहाराच्या संत्र्यांच्या तोडणीत होतो. बसस्टँडवरच्या पानठेलेवाल्याचा मला फोन आला, "शेठ, तुमची पोरगी आली वाटते भोपाळून. मोठी बॅग होती. सौंसरच्या गाडीत बसली." मी म्हटलं, तुला भास झाला असेल. तो म्हणाला, नाही शेठ, मी हाक मारली तर तिनं तोंड फिरवलं.

पांढुर्ण्याच्या स्टेशनावरून माझं घर चालत दहा मिनिटांवर आहे. दहा मिनिटं. माझी मुलगी गाडीतून उतरली, माझ्या दुकानाच्या गल्लीवरून बॅग ओढत बसस्टँडवर गेली आणि तासभराचा प्रवास करून मावशीच्या नवऱ्याच्या घरी जाऊन बसली. ही माझी तक्रार. नापास झाली त्याचं मला इतकं लागलं नाही. पण पोरगी पडली आणि उठायला त्यांच्या व्हरांड्यात गेली.

तोडणी तशीच टाकून मी मोटारसायकल काढली. रस्ताभर मी बोलायचं काय ते ठरवत होतो आणि सौंसर येईपर्यंत माझा निर्णय पक्का झाला होता. सौदा फसला की त्यात आणखी जीव अडकवायचा नाही, लवकर बाहेर पडायचं, या एका नियमावर मी उभा राहिलो आहे. झालं तेवढं कॉलेज पुरे. पोरीला घरी आणायचं, पांढुर्ण्यातूनच बीए करायचं, आणि दोन वर्षांत चांगलं घर पाहून लग्न. फाटकातूनच मी ओरडलो, "कुठं आहे पोरगी?"

"आत खिचडी टाकून राहिली," साडभाऊ म्हणाले. ते स्टुलावर उभे राहून कॅलेंडर एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर नेत होते. "चहा घेता?"

"मले चहा नको. मले माझी पोरगी पाहिजे."

"ते तर भेटनच. चहा तवरक मी ठेवतो."

"साडभाऊ, तुमच्या नादानं पोरगी वाया गेली! चुका करा, चुका करा. घ्या, केली तिनं चूक! दोन-दोन विषयात केली. आता वाजवा टाळ्या!"

गल्लीतल्या दोन बायका बाहेर आल्या. साडभाऊ स्टुलावरून उतरले, स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि मी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाले, "एक इचारू? नवीन बगीचा घ्याले जाता, तर आत पाय ठेवल्यावर पहिले काय म्हणता?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"सांगा तं."

"म्हणतो, माल बारीक आहे. फळ गळून राहिलं. पानं पिवळी आहेत."

"असते का तसं?"

"तसं असलं तर मी उभा कशाले राहीन? चांगला बगीचा असला तरच तर नावं ठेवा लागतात. तारीफ केली का मालक डोक्यावर बसते."

"बराबर," साडभाऊ म्हणाले. "मालकाले हे मालूम असते. तोही धंद्यातला आहे. पण पोरीले कोणी सांगितलं?"

 तेवढ्यात प्राची दारात आली. हातात झारा, डोळे सुजलेले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, मले वाटे तुम्ही खरंच म्हणता." मग झाऱ्याकडे बघत, "हॉस्टेलमधल्या पोरी म्हणत, तू गोटमारवाली ना, तुमच्या गावच्या जत्रेत एकमेकाले दगड मारतात ना. ते चाले. क्लासात काही समजे नाही, सर इंग्रजीत बोलत, तेही चाले. पण पेपर खराब गेला तेव्हा मले वाटलं, बाबाले तर पहिलेपासून माहीत होतं. ते म्हणतच होते टिकत नाही."

 मंडीत माझा आवाज तीन ओळी पलीकडे ऐकू जातो. त्या व्हरांड्यात मी साडभाऊंनी सरकवलेल्या स्टुलावर जाऊन बसलो. तिच्या बारावीच्या निकालाची गोष्ट मी दिल्लीच्या व्यापाऱ्याला फोनवर सांगितली होती, तो माणूस मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही. नाशिकच्या ट्रकवाल्याला सांगितली होती. पांढुर्ण्यात कुणाला सांगितली नव्हती आणि तिला तर नाहीच, कारण आपल्या मालाची तारीफ आपणच करायची नसते. हे मला तिला सांगायचं होतं, पण ते तोंडातून निघेना. निघालं ते एवढंच, "एक परीक्षा. पास झाली तर पुढं शीक. नाही तर घरी."

"दोन," ती म्हणाली.

"एक."

"एका परीक्षेत क्लासातली इंग्रजीही समजणार नाही, बाबा. दोन द्या."

"एक म्हणजे एक."

"राहू द्या मंग, जमत नसंन तर," ती म्हणाली आणि स्वयंपाकघराकडे वळली.

सौद्यातून उठून जाणाऱ्या माणसाची पाठ मी ओळखतो. तो चार पावलं जातो, पाचव्याला हळू होतो, मागून हाक येते का ऐकतो. ही हळू झाली नाही. थेट आत गेली आणि खिचडी हलवायला लागली. हे साडभाऊंनी शिकवलेलं नव्हतं. त्यांना दोन रुपयांची कोथिंबीर भाव करून घेता येत नाही. लहानपणी बगीच्यांत माझं बोट धरून फिरायची, तेव्हाचं होतं ते. मी ओरडलो, "थांब! दोन. घे दोन. पण एक अट आहे. पुढं काहीही झालं तर पहिला फोन घरी. इथं नाही."

ती आतूनच म्हणाली, "ते असं ठरवून नाही होत, बाबा."

साडभाऊ मला फाटकापर्यंत सोडायला आले. मी म्हटलं, तुम्ही माझं घर फोडलं. ते म्हणाले, असंन बाप्पा. मग मोटारसायकलच्या आरशावरची धूळ बोटानं पुसत, जसं काही दुसऱ्या कुणाचं सांगताहेत असं सांगू लागले, "मीही गेलो होतो ना. जबलपूरले, बीएस्सीले. अकरा दिवस राहिलो."

हे मला माहीत नव्हतं. तीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

"काऊन परत आले?"

"मेस कुठं आहे ते इचारता आलं नाही." ते हसले. "सगळे पोट्टे जेवणाची सुट्टी झाली का बरोबर एकीकडे जात. मले वाटे, मागं मागं गेलं तर म्हणतीन हा कोण. हिंदीत इचारू का इंग्रजीत, तेही समजे नाही. अकरा दिवस फुटाणे खाल्ले. बाराव्या दिवशी गाडीत बसलो. घरी आलो तर सगळे म्हणे, बरं झालं आला, घरचं जेवण चांगलं. मायनं पुरणपोळी केली. बाबांनी कॉलेजात ओळखीनं चिठ्ठी लावून दिली, लॅबमध्ये लागलो. कोणी एका शब्दानं इचारलं नाही का रे बाबू, तिथं झालं काय? नुसतं इचारलं असतं तर मी सांगितलं असतं. अन सांगता सांगता मलेच हसू आलं असतं. मेसच तर होती."

मी गाडीला किक मारली आणि निघून गेलो. मला जे पेलत नाही ते मी रागात बसवून टाकतो. तर मी रागातच राहिलो.

प्राची भोपाळला परत गेली. त्या सहा महिन्यांत तिनं काय केलं ते मला तुकड्यातुकड्यानं समजलं. शिकवणाऱ्या सरांना वर्गानंतर गाठून "हे पुन्हा सांगा" म्हणायला लागली. इंग्रजी चांगली असलेल्या एका मुलीला गणित समजावून देऊ लागली आणि तिच्याकडून इंग्रजी घेऊ लागली. हा सौदा मला फार पसंत पडला. गोटमारीबद्दल कुणी विचारलं तर म्हणायला लागली, "हो, आणि आमचा नेम चुकत नाही." दर रविवारी सौंसरला फोन करून तिथल्या वर्गाला आपल्या आठवडाभराच्या चुका सांगायची, आणि मुलं त्या ऐकायला जमायची. आमच्याकडे बुधवारी फोन यायचा. तब्येत बरी, जेवण बरं, ठेवू?

राहिलेल्या दोन पेपरांचा निकाल लागला तो दुपारी. मी दुकानात होतो. फोन वाजला, तिचं नाव. बुधवार नव्हता. मी हातातला हिशेब तसाच टाकून फोन उचलला. ती म्हणाली, "बाबा, दोन्ही निघाले. या सत्राचेही सगळे निघाले." मी म्हणालो... आता खरं सांगतो, तोंडापर्यंत आलं होतं की काठावर निघाले की बरे निघाले. ते मी गिळलं. ते गिळायला मला किती जोर लागला ते पेटी उचलणाऱ्यालाच समजेल. आणि मी म्हणालो, "फार चांगलं केलं, बेटा. मले माहीत होतं तू करशीन."   ती एकदम घाबऱ्या आवाजात म्हणाली, "बाबा, तुमची तब्येत बरी आहे ना?"

दुसऱ्या दिवशी मी संत्र्यांची पेटी घेऊन सौंसरला गेलो, निवडलेला माल, एक डाग नाही. द्यायला कमी आणि टोमणा मारायला जास्त. व्हरांड्यात बसताच म्हणालो, "पोरीचा निकाल लागला. मले फोन आला पहिले." साडभाऊ म्हणाले, "असं काय? काय म्हणाली?" मी सगळं सांगितलं. मी काय बोललो तेही सांगितलं. ते पुढे वाकून ऐकत होते, जसं काही त्यांच्या स्वतःच्या कॉलेजचा निकाल असावा. झाल्यावर म्हणाले, "अन तब्येतीचं कशी म्हणाली? पुन्हा सांगा ना." मी पुन्हा सांगितलं. ते हसले, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. त्या दिवशी त्यांच्यावर मात केली या आनंदात मी घरी आलो आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

हे मी मागच्या महिन्यापर्यंत असंच समजत होतो. मागच्या महिन्यात मोहगावला नातेवाइकांत लग्न होतं. प्राचीचं आता शेवटचं वर्ष, कंपन्यांच्या मुलाखती सुरू झाल्या आहेत, त्याचं बोलणं निघालं. मी पंगतीत नेहमीप्रमाणे माझी तक्रार काढली आणि नेहमीप्रमाणे शेवटी म्हणालो की काही असो, निकालाचा फोन पहिले मलाच आला. मेव्हणी वाढत होती. ती भाताचं पातेलं घेऊन थांबली आणि हळूच म्हणाली, "भाऊजी, तुम्हाले कोणी सांगितलं नाही ना आतापावतो? फोन पहिले आमच्याकडंच आला होता. तिचं नाव दिसून राहिलं, मी म्हटलं उचला ना. तर यांनी हात वर केला. म्हणाले, थांब. दोनदा वाजला. दोन्ही वेळा पुरा वाजू दिला. मंग फोन मांडीवर ठेवून बसले. निकाल काय लागला ते यांनाही माहीत नव्हतं. तुम्ही दुसऱ्या दिवशी आले, तवरक यांनी घास नाही खाल्ला धड."

मी पानावरून उठलो नाही, एवढंच. सगळा जन्म मी कुणाकडून काही फुकट घेतलं नाही. जे घेतलं ते भाव करून, घासाघीस करून, समोरच्याला दोन शब्द सुनावून घेतलं, म्हणून ताठ मानेनं फिरतो. या एका माणसानं मला भाव करायला जागाच ठेवली नाही. मला विचारलं असतं तर मी नको म्हणालो असतो, आणि ते त्यांना पक्कं माहीत होतं. माझी खरी तक्रार आता ही आहे, आणि ती त्यांच्यासमोर काढता येत नाही, कारण मला कळलं हे त्यांना कळलं तर त्यातलं सुख अर्धं होईल. त्यांचं की माझं, ते ठरवता येत नाही.

प्राचीचा फोन आता बहुतेक वेळा मलाच आधी येतो. आला की मी दुकान नोकरावर सोडतो, मागच्या खोलीत जातो आणि सौंसरला फोन लावतो. मुलाखतीत काय विचारलं, ती कुठे अडली, कुठे हसली, सगळं सांगतो. गाळत नाही. पलीकडून दर वाक्याला आवाज येतो, "असं काय? मंग?" आणि मी, ज्याला दोन मिनिटांच्या वर फोनवर बोलायला कधी सवड झाली नाही, पुढचं सांगत राहतो.